१२ फुटी टेलिस्कोपिक रॉडचा संच: किनाऱ्यावरचा मुक्काम, गरवणं आणि सोबत कुत्रा

दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या या संचात फायबरग्लासची १२ फुटी (३.६ मीटर) घडीची रॉड, ५००० आकाराचं स्पिनिंग रीळ, त्यावर आधीच भरलेली तंगूस (नायलॉनची दोरी) आणि गऱ्या (गळाचे आकडे) व शिशाची वजनं यांची डबी असते. नावं वेगवेगळी, माल साधारण एकाच धर्तीचा. आमचं मत स्पष्ट आहे: रॉड घ्यावी, रीळ जपून वापरावं, तंगूस लगेच बदलावी. आणि मंडळींसोबत कुत्रा येणार असेल तर ती उघडी-झाकी होणारी प्लास्टिकची डबी घरीच ठेवावी.

रॉडचा मोठा गुण म्हणजे मिटल्यावर ती गाडीत तंबू, शिधा आणि कुत्रा यांच्यासोबत सहज मावते. दोन तुकड्यांची रॉड फेकायला सरस, पण तिला गाडीच्या टपावर जागा शोधावी लागते. उघडताना टोकाकडून सुरुवात करा, तंगूस ओवायची प्रत्येक कडी रांगेत आणा आणि सांधा हलक्या पिळाने बसवा. जोर लावून ओढलेला सांधा मिटताना अडकतो. वाळूचा एखादा कण आत गेला तरी तेच होतं. अशा वेळी सांध्यावर गोडं पाणी ओता आणि दोन्ही बाजूंनी सांध्याजवळच धरून पिळा. कड्यांना धरून कधीही नाही, त्या निखळतात. रॉडवर १५० ग्रॅम छापलेलं असलं तरी ८० ते १०० ग्रॅमच्या वर शिसं लावू नका. इतक्या सांध्यांच्या रॉडला तेवढा झटका झेपत नाही.

आता तंगूस. संचातली जाड आणि ताठ असते, गुंडाळीचे वळ सोडत नाही, शिवाय रीळ अर्धंच भरलेलं असतं. काठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली येईल इतकं रीळ भरलेलं हवं. कमी असेल तर फेक तोकडी पडते, जास्त असेल तर गुंता होतो. ०.३५ मिलिमीटरची मऊ तंगूस भरा आणि तिच्या टोकाला ४० पाउंड ताण झेलणारी जाड तंगूस जोडा, साधारण आठ मीटर. म्हणजे रॉडच्या दुप्पट लांबी आणि वर रिळावर काही वेढे. हे टाळू नका. फेकताना सगळा झटका याच भागावर येतो. पातळ तंगूस तिथे तुटली की १०० ग्रॅमचं शिसं गोळीसारखं सुटतं आणि मागे-बाजूला मित्र उभे असतात, कुत्रा धावत असतो. फेकणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना आणि मागे दोन रॉडइतकी जागा मोकळी ठेवा, कुत्रा तेवढा वेळ दुसऱ्याच्या हातात.

वाळूत गोल शिसं लाटेबरोबर घरंगळतं, म्हणून चौकोनी पिरॅमिडचं घ्या. मुडदुशी माशासाठी सहा नंबरची बारीक गरी आणि सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा. ढोमा, शिंगाळा या माशांसाठी १/० ची, म्हणजे बरीच मोठी गरी आणि माकुलाची किंवा तारलीची पट्टी. तंगूस कात्रीने कापल्यासारखी तुटून आली तर बहुधा केंड मासा आहे, जागा बदला.

केंडाबद्दल जरा सविस्तर. हा फुगणारा मासा लोक वाळूवर फेकून देतात आणि कुत्रा तो उचलतो. त्याच्या यकृतात, अंड्यांत, कातडीत टेट्रोडोटॉक्सिन असतं, ते शिजवूनही जात नाही. आला तर लगेच पाण्यात परत सोडा. शिंगाळ्याच्या पाठीवरचा एक आणि बाजूचे दोन काटे विषारी, मेल्यानंतरही टोचतात, त्यामुळे तोही कुत्र्याच्या नाकापासून लांब. माणसाला टोचला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात जखम धरली की वेदना उतरते.

गऱ्यांसाठी घट्ट फिरकीच्या झाकणाची बरणी वापरा. आमिष लावलेली गरी कुत्र्यासाठी खाऊच असते. गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला तर ओठात रुतलेली गरी सहज निघते, मासे थोडे निसटतील, निसटू द्या. गिळलीच तर तंगूस ओढू नका, उलटी करवू नका. हातभर तंगूस बाहेर ठेवून गळपट्ट्याला बांधा आणि थेट पशुवैद्याकडे न्या.

रीळ वाळूवर टेकवू नये, एवढं पाळलं तर ते टिकतं. दोन इंची पीव्हीसी पाइपचा मीटरभर तुकडा खालून तिरका कापून अर्धा वाळूत रोवा, झाला स्टँड. परतल्यावर ड्रॅग (तंगूस किती ताणाला सुटावी ते ठरवणारा रिळाचा ब्रेक) घट्ट करून गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, जोराची धार मीठ आत ढकलते. मग ड्रॅग सैल करून वाळवा आणि तंगूस जिच्यावरून वळते त्या चकतीला तेलाचा थेंब द्या.

गरवण्याच्या वेळेला तिथीचा हिशेब चालतो: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ, चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. भरतीच्या आधीचे दोन तास धरा. अलिबागसारख्या सपाट किनाऱ्यावर, जिथे ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यात जातात, ओहोटीत ही रॉड कितीही लांब फेकली तरी खोल पाणी लागत नाही. तंबू भरतीने आणून टाकलेल्या काटक्यांच्या रेघेपासून बराच वर, नारळाखाली मुळीच नाही. साध्या खुंट्या वाळूत धरत नाहीत. दोरी वाळूने भरलेल्या पिशवीला बांधून ती फूटभर खोल पुरा, कुत्र्याची दोरीही तशाच पिशवीला. त्याच्यासाठी वीस किलो वजनाला दिवसाला किमान दीड लिटर गोडं पाणी वेगळं ठेवा, खारं प्यायला की जुलाब होतात. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला येतात. तिथे अंधार पडल्यावर कुत्रा बांधलेलाच हवा आणि वाळूवर झगझगीत बॅटरी नको.

दुकानात घेताना दोनच गोष्टी तपासा. प्रत्येक कडीच्या आतून कापूस फिरवा, तंतू अडकला तर कडीच्या आतल्या चिनी मातीच्या अस्तराला तडा आहे. आणि रिळावरची, फेकताना उघडायची तार दहा वेळा उघडझाप करा, एकदाही अर्धवट अडकली तर दुसरा संच मागा.