गॅसिफायर चूल घ्यावी का? लालबागहून एका सीझनचा अनुभव

बॉक्सवर 'कार्बन कॅप्चर टेक्नॉलॉजी' (म्हणजे कार्बन डायऑक्साइड हवेत जाऊ न देता पकडून ठेवणं) असं मोठ्या अक्षरात छापलंय ते वाचून घेतली असं वाटून घेऊ नका, घेतली ती सिलिंडर परवडेना म्हणून. आमच्याकडे मार्च ते मे घरगुती मसाल्याच्या ऑर्डरी असतात, डंकावर द्यायच्या आधी मिरच्या-धणे भाजायला गच्चीवर मोठी कढई तासन्तास चालू. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको. साडेपाच हजाराला पडली, पंखा आणि चार्जिंगची बॅटरी धरून.

आधी चांगलं सांगते. भुशाचे पेलेट (दाबून केलेल्या छोट्या कांड्या) भरायचे आणि वरून पेटवायचे, हो वरूनच, सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. खालून पंखा बेताचीच हवा देतो, त्यात पेलेट धड जळत नाहीत तर त्यांचा गॅस होतो, तो वरच्या भोकांतून येणाऱ्या हवेत पेटतो, त्यामुळे ज्योत थेट कढईखाली आणि धूर जवळपास नाहीच. १ किलो पेलेटमध्ये पाऊण तास व्यवस्थित आच मिळते. मिरचीचा ठसका लागायचा तो लागतोच, त्याला चूल काय करणार.

आता वैताग. मध्येच पेलेट टाकता येत नाहीत, वर टाकले की धूर, म्हणजे घाणा संपेपर्यंत आच पुरेल एवढा अंदाज आधीच पाहिजे. एकदा बॅटरी मध्येच बसली, पंखा बंद, आणि एवढा पिवळा धूर की खालच्या मजल्यावरच्या काकू "आग लागली काय गं" करत वर आल्या. बॅटरी बदलून मिळायला तीन आठवडे आणि किती फोन. जूनमध्ये उरलेली पेलेटची गोणी दमट हवेत परत भुसा झाली ती वेगळीच.

आणि ते कार्बन कॅप्चर. माझे दीर केमिकल इंजिनिअर, भाऊजींना बॉक्स दाखवला तर ते हसायलाच लागले. म्हणे खरं कॅप्चर करायचं तर हवेऐवजी ऑक्सिजन आणि वाफ द्यायची, तेही प्रेशरखाली, मग गॅसमधल्या कार्बन मोनॉक्साइडची वाफेबरोबर रिअ‍ॅक्शन करून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करायचा, तो दाट आणि दाबाखाली असतो म्हणून धुऊन वेगळा काढणं सोपं जातं. नेहमीच्या चिमणीच्या धुरात बहुतेक सगळा नायट्रोजन, त्यातून तो शोधून काढायचा म्हणजे खर्चच खर्च. अमेरिकेत नॉर्थ डकोटाला १९८४ पासून कोळशाचा गॅस बनवणारा प्लांट आहे, २००० पासून तिथला कार्बन डायऑक्साइड ३०० किलोमीटरहून लांब पाइपातून कॅनडाच्या तेलविहिरींत सोडतात. आपल्या चुलीत साधी हवा आणि वर गॅस उघड्यावर जळतो, पकडणार काय डोंबल! (कोळशाचा गॅस मुंबईला नवा नाही म्हणा, १८६५ मध्ये इथले रस्त्यावरचे दिवे त्याच्यावरच लागले होते.)

तरी बॉक्स अगदीच खोटा नाही. ज्योत बारीक आणि निळी झाली की तळाला कोळसा उरतो, मी वजन केलं, १ किलोमागे साधारण १५० ग्रॅम. हा कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला, मातीत घातला तर बराचसा वर्षानुवर्षं तिथेच राहतो. पण त्यासाठी लगेच पंखा बंद करून निखारे पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ओतून विझवायला लागतात, नाहीतर तेही जळून नुसती राख उरते. ही गोष्ट त्यांच्या माहितीपत्रकात कुठेच नाही! आणि निळी ज्योत म्हणजे कार्बन मोनॉक्साइड जळतोय, तेव्हा बंद खोलीत ही चूल अजिबात नको, आमची गच्चीवरच असते.

पाचपैकी साडेतीन स्टार, अर्धा कापला तो बॅटरीच्या फोनांसाठी. कोळसा चुरून शेणखतात मिसळून कुंड्यांना घातलाय, कढीपत्ता जोरात आहे, पण पाऊसही चांगला झाला त्यामुळे श्रेय कोणाचं देवजाणे. परळ-दादरकडे पावसाळ्यात कोरडे पेलेट सुट्टे कोण देतं, माहीत असेल तर खाली लिहा.