दुधाच्या दाढांवरील तयार क्राउन: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दुधाच्या दाढांसाठी मिळणारा स्टेनलेस स्टीलच्या तयार क्राउनचा, म्हणजे दाढेवर बसवायच्या टोपणांचा, संच मी गेले आठ महिने माझ्या दवाखान्यात नियमितपणे वापरत आहे. प्रत्येक दाढेसाठी २ ते ७ असे सहा आकार त्यात आहेत. ४ आणि ५ सतत लागतात, त्यामुळे त्यांचे कप्पे लवकर रिकामे होतात. २ आणि ७ मात्र जवळजवळ तसेच पडून आहेत. सुटे आकार पुन्हा मागवता येत नसतील, तर असा संच घेऊ नये.

दुधाच्या दोन दाढांपैकी मागच्या, म्हणजे दुसऱ्या दाढेवर हे क्राउन उत्तम बसतात. चावण्याचा पृष्ठभाग १ ते १.५ मिलिमीटर कमी करून शेजारच्या दातांशी असलेला संपर्क मोकळा केला, की क्राउन जिभेच्या बाजूने ठेवून गालाच्या बाजूला दाबताच खट् आवाज येतो आणि कडेची हिरडी काही क्षण पांढुरकी पडते. हा पांढुरकेपणा टिकून राहिला, तर कड हिरडीत १ मिलिमीटरपेक्षा अधिक खोल गेली आहे असे समजून मी ती कापते आणि क्रिम्पिंग प्लायरने (कड वळवायच्या पकडीने) पुन्हा आत वळवते. कडा आधीच वळवलेल्या येतात म्हणून प्लायरची गरज नाही, हा विक्रेत्यांचा दावा मला पटलेला नाही. एकदा कड कापली, की ते वळण उरतच नाही.

खरी परीक्षा खालच्या पहिल्या दाढेची. तिच्या गालाकडील पुढच्या बाजूला मोठा फुगवटा असतो, त्यामुळे तिथून सरकेल असा क्राउन निवडावा तर तो दाढेच्या मानेपाशी (हिरडीजवळच्या अरुंद भागाशी) सैल पडतो. त्यातच दोन दाढांमधील कीड जुनी असेल, तर मागची दाढ पुढे सरकून जागा आखडलेली असते आणि संचातील प्रत्येक क्राउन एक तर रुंद ठरतो, नाही तर बसतच नाही. अशा वेळी विरुद्ध बाजूच्या वरच्या पहिल्या दाढेचा क्राउन वापरण्याची जुनी युक्ती कामी येते, कारण तो पुढून मागे अरुंद असतो. पहिल्यांदा तो हातात घेताना मला चुकल्यासारखे वाटले होते, हे कबूल करते.

दाढ न कोरता आणि भूल न देता क्राउन बसवण्याच्या हॉल पद्धतीतही मी हाच संच वापरला. सेपरेटर (दातांच्या फटीत अडकवायची छोटी रबरी कडी) काही दिवस आधी घातला, तर जागा मिळते. चावा सुरुवातीला उंच लागतो आणि तो काही आठवड्यांत जुळून येतो. पालकांना हे आधीच सांगितले नाही, तर दुसऱ्याच दिवशी फोन येतो.

झिर्कोनियाचे (पांढऱ्या सिरॅमिकचे) क्राउन दिसायला नक्कीच सुंदर, पण त्यांना लवचीकपणा नाही. तिथे क्राउनच्या मापाने दाढ कोरावी लागते, तीही अधिक, आणि हिरडीतून रक्त येत असेल तर सिमेंटची पकड बिघडते. चंचल मुलाच्या तोंडात मी स्टीलच निवडते.

एक चूक माझ्याकडूनही झाली. एका मुलाच्या दुसऱ्या दाढेवरील क्राउनची मागची कड बाहेर उचललेली राहिली आणि पुढच्या तपासणीच्या एक्स-रेमध्ये सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ तिच्याखाली अडकलेली दिसली. तो क्राउन काढून नवा बसवला. ती दाढ अजून फुटायची असेल, तर आता सिमेंट कालवण्यापूर्वी मी मागच्या कडेवरून प्रोब (तपासणीची बारीक सळी) फिरवून पाहते.