शंभर मण्यांची गणितमाळ : पहिली-दुसरीच्या वर्गासाठी कशी घ्यावी, कशी वापरावी

पन्नास लाल मणी, पन्नास पांढरे आणि एक दोरी. दहा लाल, मग दहा पांढरे, असे आलटून पालटून शंभरापर्यंत. गणितमाळेत याहून जास्त काही नसते. तरीही पहिलीच्या वर्गासाठी गणिताचे एकच साहित्य घ्यायचे झाले, तर हेच घ्यावे. हॉलंडमध्ये उत्रेख्तच्या फ्रॉयडेन्थाल संस्थेशी जोडलेल्या गणितशिक्षणात या माळेला मोठे स्थान मिळाले. महाराष्ट्रातही जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये ती भिंतीवर टांगलेली दिसते. मात्र बाजारात या नावाने मिळणारी प्रत्येक माळ वर्गात चालत नाही, म्हणून आधी खरेदीचे बोलू.

दर दहाला नवा रंग असलेली माळ घेऊ नये. ती दिसते छान, पण मूल ‘हिरवा म्हणजे साठ’ असे पाठ करते आणि मोजणे सोडून देते. मण्यांवर आकडे छापलेली माळ तर मुळीच नको. तिथे मूल फक्त वाचते. शिवाय ३७ हे एका मण्याचे नाव आहे अशी समजूत होते, खरे तर तो सुरुवातीपासूनच्या सगळ्या मण्यांचा हिशेब असतो. रंग दोनच हवेत आणि अंधाऱ्या वर्गातही वेगळे ओळखू यावेत असे: लाल-पांढरा किंवा निळा-पिवळा. लाल-हिरवा नको, काही मुलांना त्यातला फरक दिसत नाही.

वर्गाच्या माळेचा मणी २० मिमी असावा, म्हणजे शंभर मण्यांची लांबी २ मीटर भरते. दोरी मात्र गाठींमध्ये १५ सेंमी जास्त लांब हवी. ही मोकळी जागा नसेल तर मणी सरकवून वेगळे करता येत नाहीत, आणि घट्ट ओवलेल्या माळेत हीच खोट असते. गुळगुळीत प्लॅस्टिकचे मणी बारीक नायलॉनवर ओवले की झोळ पडताच सगळे मधे घरंगळतात. लाकडी मणी, ४ मिमीचे भोक आणि ३ मिमीची विणलेली दोरी, हे जमते. ढकलले तर सरकतात, सोडले तर जागेवर राहतात. जोडीतल्या मुलांसाठी ८ मिमी मण्यांची छोटी माळ पुरते. तिचे मणी ८० सेंमी भरतात आणि ती बाकावर मावते.

माळ हातात आली की आधी मणी मोजावेत. दर दहा मण्यांवर घडी घालून सगळे तुकडे शेजारी शेजारी ठेवले, की नऊ किंवा अकरा मण्यांचा दशक लगेच उघडा पडतो. एक मणी चुकला तर पुढची प्रत्येक संख्या चुकते, आणि मुलाला वाटते आपलेच मोजणे चुकले.

टांगताना दोन खिळे मुलांच्या छातीच्या उंचीवर ठोकावेत, फळ्याच्या वरच्या कडेला नव्हे. सुरुवात मुलांच्या डाव्या हाताला यावी. पहिले दहा लाल असतील तर शेवटचे दहा पांढरे येतात, त्यामुळे उलटी टांगलेली माळ रंगावरून ओळखता येते. तरीही सुरुवातीच्या गाठीला एक चिंधी बांधून ठेवावी.

आठवड्यांची आखणी कशी करावी? दिवाळीपर्यंत वीसच मणी पुरे. उरलेले कापडात गुंडाळून ठेवावेत. पाचाच्या आत न मोजता ओळखणे आणि दहा पूर्ण करण्याच्या जोड्या (६ आणि ४, ७ आणि ३) पक्क्या झाल्याशिवाय शंभरावर जाऊ नये. सुट्टीनंतरचा पहिला आठवडा दहाच्या उड्यांचा: दहा, वीस, तीस, प्रत्येक दशकाच्या शेवटी कपड्यांचा चिमटा. हे मुलांना लवकर येते.

दुसऱ्या आठवड्यात संख्या शोधायची, आणि गाडी अडते ती इथेच. चिमटा मण्यावर लावायचा नसतो. तो मण्यानंतरच्या फटीत लावायचा. ३७ चा चिमटा म्हणजे त्याच्या डावीकडे ३७ मणी. बरीच मुले चिमटा सदतिसाव्या मण्यावर किंवा त्याच्या अलीकडे लावतात, आणि शिक्षकांनाही ते खपून जाते. पुढे वजाबाकीत उत्तर एकने चुकते, ते मुख्यतः या सवयीमुळे. उपाय साधा आहे: चिमटा लावला की मणी डावीकडे सरकवून फट रुंद करायची आणि ‘अलीकडे किती?’ एवढेच विचारायचे.

तिसरा आठवडा मराठी संख्यानामांचा, आणि माळेचे पैसे वसूल होतात ते याच आठवड्यात. मराठीत आपण सुटे आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. ‘सदतीस’ ऐकून मूल ७३ लिहिते, यात त्याचा दोष नाही. याच अडचणीसाठी २०१९ मध्ये गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन आणले आणि त्यावर मोठा वाद झाला. माळेवर दोन्ही नावे सुखाने नांदतात. हात तिसापर्यंत सरकतो, पुढे सात मणी जातो, आणि तोंडाने म्हणायचे, ‘तीस आणि सात, सदतीस’.

‘एकोण’ची गोष्ट याहून अवघड. एकोणतीस ऐकले की मूल तिसाच्या चिमट्यापुढच्या पांढऱ्या मण्यांत शोधू लागते आणि ३९ दाखवते. त्याला तिसाच्या चिमट्यावर बोट ठेवायला सांगावे आणि एक मणी मागे आणावे. बोट लाल मण्यांतच राहते आणि ‘तिसाला एक कमी’ हा शब्दाचा अर्थ डोळ्यांना दिसतो. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ वेळा हेच करावे, एका दिवसात दोनपेक्षा जास्त नाही. शेवटी मूल ९९ ला ‘एकोणशंभर’ म्हणते. त्याला हसू नये. नियम त्याला बरोबर कळला आहे, नव्याण्णव हे नावच त्या नियमाबाहेरचे आहे.

चौथ्या आठवड्यात पुढची, मागची आणि मधली संख्या. त्यावर फार वेळ घालवायला नको.

पाचव्यापासून बेरीज-वजाबाकी. २८ मध्ये १५ मिळवताना आधी २ घेऊन ३० गाठायचे, मग १० घेऊन ४०, मग उरलेले ३ घेऊन ४३. ५२ मधून ३८ वजा करताना मागे मोजत बसण्यापेक्षा ३८ ते ५२ अंतर पाहावे: २, १० आणि २, म्हणजे १४. मूल एकेक मणी मोजायला लागले तर दहाच्या उड्या कच्च्या आहेत असे समजून पहिल्या आठवड्याकडे परतावे. चांगले जमू लागले की माळ झाकून वहीत आडवी रेघ मारायची आणि त्याच उड्या कमानींनी काढायच्या. कमानी मापात नसल्या तरी चालते. उभ्या मांडणीतला हातचा त्यानंतरच शिकवावा.

माळेची मर्यादाही माहीत असावी. तिच्यावर संख्यांचा क्रम आणि अंतर कळते, स्थानिक किंमत कळत नाही. ३७ मधला ३ म्हणजे तीन दशक, हे सरळ ओळीत ओवलेल्या मण्यांतून मुलाच्या हाती लागत नाही, कारण दशक सुटा करून हातात घेता येत नाही. त्यासाठी काड्या आणि रबर लागतात: दहा काड्यांचा गठ्ठा मुलाने स्वतः बांधायचा आणि वजाबाकीत स्वतः सोडायचा. पायाभूत वाचन-लेखन आणि गणितासाठी केंद्र सरकारने आखलेल्या निपुण भारत अभियानाच्या लक्ष्यांप्रमाणे पहिलीला ९९ पर्यंतच्या संख्या अपेक्षित आहेत, तिथवर माळ आणि काड्या मिळून पुरतात. दुसरीला ९९९ पर्यंत जायचे असते. फार तर दुसरी माळ जोडून २०० दाखवावेत. त्यापुढे शंभराच्या चौकटी, दहाच्या पट्ट्या आणि सुटे ठोकळे काढावेत.

घरी एका मुलासाठी छोटी माळच घ्यावी. वर्गासाठी एक मोठी, आणि दोन मुलांमागे एक छोटी. नुसती मोठी घेऊन टांगली, तर पुढे येऊन चिमटा लावणारे एक मूल शिकते आणि बाकीचे एकोणचाळीस पाहत बसतात.