सशांच्या कुंपणात काय अंथरावं: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडे दोन ससे आहेत. एक साध्या जातीचा, दाट केसांचा. दुसरी रेक्स, मखमलीसारख्या आखूड केसांची. दोघं एकाच कुंपणात राहतात. त्यामुळे एकच अंथरूण दोन वेगळ्या पायांना कसं मानवतं, हे गेले कित्येक महिने रोज बघायला मिळतंय. सध्या जे कायम झालंय ते असं: सगळ्यात खाली व्हायनलचा (जमिनीवर अंथरायच्या प्लास्टिकच्या पत्र्याचा) अखंड तुकडा, त्यावर जुने सुती टॉवेल, त्यावर जाड फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापड) आणि एका कोपऱ्यात सीग्रासची (चिवट वाळक्या गवताची) विणलेली चटई. मी यावर समाधानी आहे, पण प्रत्येक थराबद्दल तितकंच चांगलं बोलता येणार नाही.

आधी पायांबद्दल, कारण सगळं त्यावर ठरतं. कुत्र्या-मांजरांच्या तळव्यांना गाद्या असतात, सशांना नसतात. त्यांच्या तळव्यांना फक्त केसांचं संरक्षण असतं. ससा बसतो तेव्हा मागच्या पायाचा बोटांपासून टाचेपर्यंतचा लांब भाग जमिनीला टेकतो आणि बरंचसं वजन त्यावर येतं. जमीन कडक, ओली किंवा जाळीची असेल तर टाचेकडचे केस झिजतात, कातडी उघडी पडते, लाल होते आणि पुढे जखम होते. ती चिघळली तर संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो आणि मग बरं व्हायला फार वेळ लागतो. जास्त वजन, वाढलेली नखं आणि कमी हालचाल यांनी त्रास वाढतो. नखं लांब झाली की पाय नीट टेकत नाही आणि भार टाचेकडे सरकतो. रेक्सच्या तळव्यावरचे केसही आखूडच असतात, म्हणून तिला धोका जास्त.

पिंजऱ्यासोबत तळाला तारेची जाळी आली होती, ती पहिल्याच दिवशी काढली. सफाई सोपी जाते म्हणून जाळी देतात. ती सोय माणसाची, सशाची नव्हे.

नुसत्या व्हायनलवर किंवा लादीवर ससा घसरतो. मागच्या पायांची उडी जोरदार असते आणि पकड मिळाली नाही की ते पाय बाजूला फाकतात. आमचा मोठा नर ससा, म्हणजे साध्या जातीचा, लादीवर आला की नखांची खरखर ऐकू यायची आणि तो मध्येच थिजायचा. अंथरूण टाकलं त्याच संध्याकाळी तो कुंपणभर धावला आणि हवेत अंग पिळून उडी मारली. ससा खूश असला की अशी उडी मारतो, हे पाळणाऱ्यांना माहीत आहेच. मऊपणा महत्त्वाचा आहेच, पण माझ्या मते पकड त्याच्याही आधी, आणि कोरडेपणा या दोन्हींच्या आधी.

कोड्याच्या तुकड्यांसारख्या एकात एक अडकणाऱ्या फोमच्या मॅट हाताला छान लागतात, पायालाही. पण आमच्या रेक्सने त्यांच्या दातेरी कडा कुरतडायला घेतल्या आणि मी त्या तातडीने उचलल्या. सशाला उलटी करता येत नाही. फोम पोटात गेला तर तो पुढे सरकला तरच बरा, अडकला तर जिवावर बेततं. काहींचे ससे फोमला तोंडही लावत नाहीत. तसा ससा असेल आणि कडा झाकलेल्या असतील तर गोष्ट वेगळी. गालिच्याबद्दलही तेच. त्यात फासांच्या विणीचा असेल तर आणखी एक भर: नख फासात अडकतं, ससा घाबरून झटका देतो आणि नख मुळातून उपटतं. गालिचा हवाच असेल तर कापलेल्या, आखूड लवेचा घ्यावा आणि कडांवर रोज नजर ठेवावी.

फ्लीसचं काम समजून घेतल्याशिवाय त्याला नावं ठेवू नयेत. फ्लीस स्वतः पाणी फारसं शोषत नाही, ते खाली जाऊ देतं. म्हणून खाली शोषणारं काही नसेल तर शू वर साचते आणि लोक म्हणतात फ्लीस वाईट. खाली टॉवेल असेल तर ओल त्यात उतरते आणि वरचा थर पायाला बराच कोरडा राहतो. नवीन फ्लीस दोन-तीनदा धुतल्याशिवाय ओल नीट खाली जात नाही. कपडे मऊ करणारं द्रव धुताना अजिबात वापरायचं नाही. त्याचा लेप धाग्यावर बसतो आणि ओल वरच अडून राहते. ससे फ्लीसही कुरतडतात, पण त्याचे लांब दोरे सुटत नाहीत, हा मोठा फायदा. तरी भोकं पडलेला तुकडा मी टाकून देते. खणायची हौस असलेला ससा कोपरे उचकटतो, म्हणून कडा व्हायनलखाली दुमडून कुंपणाच्या दांड्यांनी दाबल्या आहेत.

सीग्रासची चटई कुरतडून खाल्ली तरी चालते आणि खणण्याची खाज तिथे भागते. ती खरखरीत असते, म्हणून पूर्ण कुंपणात नको; रेक्स त्यावर खणते, झोपायला फ्लीसवरच जाते. चटई टिकत नाही, ती खाऊच आहे असं समजून आणावी.

पायांची तपासणी मी आठवड्यातून एकदा करते. सशाला पाठीवर उताणं पाडायचं नाही. जमिनीवर बसून त्याची पाठ आपल्या पोटाला टेकवायची, मागच्या भागाला हाताचा आधार द्यायचा, आणि टाचेकडच्या केसांवर हळूच फुंकर मारायची. केस दुभंगतात आणि कातडी दिसते. फिकट गुलाबी, कोरडी आणि केसांनी झाकली जाणारी असेल तर ठीक. छोटासा घट्टा बऱ्याच सशांना असतो, तोही चालतो. लाली, सूज, खपली किंवा ओलसरपणा दिसला तर थेट पशुवैद्याकडे. घरी मलमं लावत बसू नये. रेक्सच्या एका टाचेवर सुरुवातीला नाण्याएवढी जागा विरळ होती. या अंथरुणावर ती लाल झालेली नाही आणि कडेने केस परत आलेत. दाट केसांच्या सशाच्या पायात काही फरक पडला नाही, त्याला मुळात त्रास नव्हता.

सफाईचं सांगायचं तर सशाच्या लघवीत कॅल्शियम बरंच असतं, त्यामुळे व्हायनलवर पांढरट थर बसतो. साधं पांढरं व्हिनेगर ओतून थोडा वेळ ठेवलं की तो सुटतो. लिटर ट्रेची (शू-शीसाठी ठेवलेल्या तबकाची) सवय लागली असेल तर खालचे टॉवेल क्वचितच भिजतात. ट्रेमध्ये मात्र देवदार किंवा कच्च्या पाइनचा भुसा नको, त्यातल्या उग्र द्रव्यांनी श्वसनाला आणि यकृताला त्रास होतो. कागदाचे गोळे बरे.

फ्लीसची खरी कटकट म्हणजे वाळकं गवत. काड्या त्यात रुततात आणि झटकून जात नाहीत, ब्रशने उलट्या दिशेने ओढाव्या लागतात. म्हणून गवताच्या टोपलीखाली मी फ्लीस ठेवतच नाही, तिथे सीग्रास आहे. उकाड्यात एक कोपरा मुद्दाम उघड्या लादीचा सोडते. सशांना घाम येत नाही आणि गार फरशीवर पोट टेकून पडलेलं त्यांना बरं वाटतं. तेवढ्या जागेत धावायचं नसतं, त्यामुळे घसरायचाही प्रश्न येत नाही.