३६० अंशांचा व्हिडिओ: अख्खा गोल पाठवायचा की नजरेपुरता तुकडा?

४के व्हिडिओची ३८४० पिक्सेल रुंदीची फ्रेम ३६० अंशांत पसरली की एका अंशाच्या वाट्याला जेमतेम दहा-अकरा पिक्सेल येतात. तीक्ष्ण नजरेला साधारण ६० लागतात. म्हणूनच टीव्हीवर लख्ख दिसणारं ४के डोळ्यांवर लावायच्या व्हीआर हेडसेटमध्ये धूसर वाटतं.

अख्खा गोल पाठवणं सोपं आहे. फाइल एकच, प्लेअर साधा, आणि मान कुठेही वळवली तरी चित्र तयार. पण प्रेक्षकाला एका वेळी दिसणाऱ्या, ९० अंश रुंद आणि तितक्याच उंच खिडकीत गोलाचा सहावा हिस्साच मावतो. बाकी डेटा पाठीमागे वाया जातो.

टाइल पद्धतीत फ्रेमचे चौकोन पाडतात. नजरेसमोरचे चौकोन सुबक पाठवायचे, उरलेले भरड. ३६० अंशांच्या व्हिडिओसाठीच्या ओमाफ या मानकात याची सोय आहे. डेटा खूप वाचतो, पण मान झटकन वळवली की खरी परीक्षा. तिकडचं झाड आधी हिरवा लगदा दिसतं, पानं मागाहून उमटतात, कारण सुबक चौकोन पुढच्या की-फ्रेमवरच (आधीच्या फ्रेमवर न विसंबता पूर्ण साठवलेली फ्रेम) जोडता येतो. सेगमेंट, म्हणजे की-फ्रेमपासून सुरू होणारा व्हिडिओचा तुकडा, दोन सेकंदांचा असेल तर तेवढी वाट पाहावी लागू शकते. सेगमेंट लहान केला की की-फ्रेम वाढतात आणि वाचवलेला डेटा पुन्हा खर्ची पडतो.

माझं स्पष्ट मत: टाइलच्या आधी प्रोजेक्शन, म्हणजे गोल सपाट फ्रेमवर पसरण्याची पद्धत, बदला. नेहमीच्या आयताकृती नकाशात डोक्यावरच्या एका बिंदूसाठी पिक्सेलची अख्खी ओळ खर्च होते! तीच रुंदी धरून समकोनी क्यूबमॅप केला, म्हणजे गोल घनावर पसरून ९६० पिक्सेलच्या सहा चौरस बाजू, तर ७३.७ लाख पिक्सेलचे ५५.३ लाख होतात. पाव भाग कमी, आणि मान वळवल्यावर वाट पाहणं नाही.

कोडेकचं, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीचं, थोडक्यात: एव्ही१ हा कोडेक जुन्या एचईव्हीसीपेक्षा चांगलं दाबतो, पण तो उलगडायला चिपमध्येच हार्डवेअर डिकोडर हवा. तो मेटाच्या हेडसेटपैकी क्वेस्ट ३ मध्ये आहे, क्वेस्ट २ मध्ये नाही. सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवली तर फ्रेम गळतात, आणि हेडसेटमध्ये फ्रेम गळणं म्हणजे प्रेक्षकाला मळमळ. जुनी हेडसेट सांभाळायची असतील तर एचईव्हीसीच ठेवा.

थेट सामना दाखवायचा असेल, जिथे सगळ्यांची नजर मैदानावरच असते, तिथे टाइलचा खटाटोप वसूल होतो. जंगलसफरीत प्रेक्षक सतत मागे वळून बघणार. तिथे अख्खा गोलच द्या, आणि शक्य असेल तर आधी डाउनलोड करू द्या.