किडनी बायोप्सीच्या स्लाइड आणि मशीन लर्निंग : आठ महिने वापरल्यानंतर

गेले आठ महिने किडनी बायोप्सीच्या स्कॅन केलेल्या स्लाइड मी क्यूपाथ या स्लाइड बघण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते आणि त्यांवर आमच्याच विभागात तयार केलेलं यू-नेट मॉडेल (चित्रातले भाग वेगळे आखणारं न्यूरल नेटवर्क) चालवते. त्याचं काम मर्यादित आहे: ग्लोमेरुलाय (रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे सूक्ष्म गुच्छ; एक असेल तर ग्लोमेरुलस) शोधायचे, त्यांच्या कडा आखायच्या आणि पूर्ण स्क्लेरोज्ड, म्हणजे व्रण होऊन निकामी झालेले, वेगळे दाखवायचे. निदान माझंच.

क्यूपाथबद्दल तक्रार नाही. मोफत आहे, सोर्स खुला आहे, अवाढव्य फाइलसुद्धा त्यात अडखळत नाही. खरी मेहनत मॉडेलवर झाली. ४० एक्सला (४० पट मोठं करणाऱ्या भिंगाने) स्कॅन केलं की एक पिक्सेल साधारण ०.२५ मायक्रॉनचा, म्हणजे २०० मायक्रॉनचा ग्लोमेरुलस ८०० पिक्सेल रुंद. आम्ही ५१२ पिक्सेलचे तुकडे पाडत होतो, त्यामुळे एकही ग्लोमेरुलस अख्खा दिसत नव्हता. १० एक्सवर उतरलो, तुकडे एकमेकांवर थोडे चढवले, आणि एकाचेच दोन मोजण्याचा त्रास जवळपास थांबला.

निरोगी ग्लोमेरुलाय ते छान पकडतं. कंटाळलेल्या संध्याकाळी माझ्या नजरेतून सुटलेला एखादा कोपऱ्यातला त्याने दाखवला, तेव्हा फार बरं वाटलं. पण स्क्लेरोज्ड ग्लोमेरुलस आक्रसलेला असतो, त्याच्याभोवतीची बोमनची पोकळी उरलेली नसते, आजूबाजूच्या व्रणात तो मिसळून जातो. नेमके तेच सुटतात. समजा १२ पैकी ३ स्क्लेरोज्ड आहेत, म्हणजे २५ टक्के. मॉडेलने त्यातले दोन गाळले तर हिशेब १० पैकी १, अवघे १० टक्के. किडनी किती खराब झाली हे ज्यावरून ठरवायचं तोच आकडा बिघडतो. एकूण अचूकता उत्तम दिसत होती, कारण निरोगी संख्येने जास्त. तेव्हापासून दोन्ही प्रकारांची अचूकता मी वेगवेगळी काढते.

आणखी एक चूक आमचीच. सुरुवातीला एकाच रुग्णाच्या लागोपाठच्या सेक्शन (पातळ काप) काही ट्रेनिंगमध्ये, काही चाचणीत गेल्या होत्या. तोच ग्लोमेरुलस दोन्हीकडे! आकडे सुंदर आले, मलाही खरे वाटले. रुग्णनिहाय विभागणी केल्यावर ते घसरले, आणि त्याच दिवशी मॉडेलची खरी ओळख झाली.

स्लाइड रंगवायच्या पीएएसची नवी बॅच आली, किरमिजी रंग जरा फिका पडला, की निकाल डळमळतो. रंगछटा मुद्दाम बदलून पुन्हा ट्रेन केल्यावर बरीच सुधारणा झाली. जाड सेक्शन आणि घड्या मात्र अजून नडतात. तिथे मॉडेलपेक्षा लॅबमधल्या तंत्रज्ञांचा हात महत्त्वाचा, असं माझं ठाम मत आहे.

हल्ली मी आधी मॉडेलने न आखलेला भाग बघते, मग आखलेला. वेळ थोडा वाचतो, फार नाही; पण प्रत्येक स्लाइडची मोजणी नोंदीसह राहते, याचं मोल मला जास्त वाटतं.

फायब्रोसिसची (व्रणासारख्या तंतुमय ऊतीची) टक्केवारी अजून त्याच्याकडे दिलेली नाही. ती कॉर्टेक्समध्ये, किडनीच्या बाहेरच्या थरात, मोजायची असते, आणि आतल्या मेड्युलात मुळातच नलिकांमधली जागा जास्त. हा फरक मॉडेलला कळत नाही. सध्या जुन्या स्लाइडवर कॉर्टेक्सच्या सीमा हाताने आखत बसले आहे.