ओसीआय काढावं की ई-व्हिसावर यावं? बेळगाव भागातल्या घरांसाठी तुलना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं अमेरिकेत स्थिरावली आणि तिकडचं नागरिकत्व घेतलं, की घरी विषय निघतोच: आता गावाकडं यायचं ते कुठल्या कागदावर? जुना भारतीय पासपोर्ट कपाटात जपून ठेवला म्हणजे भागलं, असं समजणारे अजून भेटतात. तसं अजिबात करू नका. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे परदेशी नागरिकत्व स्वीकारलं की भारतीय नागरिकत्व जातं. पासपोर्ट जमा करून त्यागाचा दाखला घ्यावा लागतो. पोर्तुगीज पासपोर्ट काढलेल्या गोव्याच्या पाहुण्यांनाही हाच नियम. मग उरतात दोन वाटा: ऑनलाइन मिळणारा ई-व्हिसा, नाहीतर ओसीआय, म्हणजे भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते कार्ड.

ई-व्हिसा झटपट होतो. अमेरिकन पासपोर्टवर वर्षाच्या पर्यटक ई-व्हिसाला ४० डॉलर, पाच वर्षांच्या ८० डॉलर. बेळगावच्या सांबरा विमानतळावर परदेशातलं विमान थेट उतरत नाही, पण गोव्यातलं मोपा, मुंबई, बेंगळुरू या तिन्ही ठिकाणी तो चालतो. मात्र वर्षभरात मुक्काम १८० दिवसांपर्यंतच.

ओसीआय कार्डाला परदेशातून अर्ज केला तर २७५ डॉलर लागतात, कागदपत्रंही भरपूर. पण ते आयुष्यभराचं. कितीही दिवस राहा, पोलिसांकडं नोंदणी नाही. मतदान आणि सरकारी नोकरी मात्र नाही.

आता प्रवेश तिकिटांचं. पाहुण्यांना घेऊन आपण बदामी, ऐहोळे, पट्टदकलला जातोच. खिडकीवर परदेशी माणसाला बदामीच्या लेण्यांना ३००, ऐहोळ्याला ३०० आणि जागतिक वारसा असलेल्या पट्टदकलला ६०० रुपये, म्हणजे एका दिवसात माणशी १२००. भारतीयांना तेच २५, २५ आणि ४०, एकूण ९०. ओसीआयवाल्यांना भारतीयांचाच दर लागतो, कार्ड खिशात हवं एवढंच. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, मग पासपोर्ट कुठलाही असो. तरी हिशेब केला तर नुसत्या तिकिटांच्या बचतीसाठी कार्ड काढणं परवडत नाही. २७५ डॉलर वसूल व्हायला अशा कितीतरी सहली लागतील.

खरा फरक घर आणि आई-वडिलांपाशी पडतो. वडील दवाखान्यात आहेत, निरोप आला आणि त्याच रात्री निघायचंय, तेव्हा व्हिसाची वाट बघत बसणं फार जिवावर येतं. त्या एका गोष्टीसाठी मी कार्डाच्याच बाजूने आहे. जमिनीबद्दल मात्र गैरसमज नको. ओसीआयवर घर किंवा फ्लॅट घेता येतो, शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित ऊसाचं रान वारसाने मिळू शकतं.

म्हणून ज्यांचे आई-वडील इथं आहेत, उताऱ्यावर नाव लागायचंय, त्यांनी ओसीआय काढावं. एका लग्नापुरतं येणाऱ्यांना ई-व्हिसा पुरे. अमेरिकन सुनेला किंवा जावयाला ओसीआय हवं असेल तर नोंदणीकृत लग्नाला दोन वर्षं झालेली लागतात, तोवर ई-व्हिसाच.

अर्ज भरताना नाव आणि जन्मगाव जुन्या पासपोर्टशी ताडून बघा. २०१४ च्या नोव्हेंबरात शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, त्याआधीच्या पासपोर्टवर आणि दाखल्यांवर बेळगाव आहे. तिकिटं काढण्याच्या बरंच आधी या कामाला लागा.